लाकूड, चौकट आणि किंमत : आंबवडे परिसराच्या संदर्भात लाकडी भिंतकलेचा आढावा

लाकडाच्या फळीवर कोरून, रंगवून किंवा निरनिराळ्या रंगांच्या लाकडांचे तुकडे जोडून तयार केलेली आणि चौकटीत बसवून भिंतीवर टांगलेली कृती म्हणजे लाकडी भिंतकला, अशी या लेखापुरती व्याख्या केली आहे. अशा कृतींना शहरी घरांत, हॉटेलांत आणि कार्यालयांत आज मागणी आहे. दुसरीकडे, ज्यांच्या घराण्यात रंधा आणि पटाशी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली त्या सुतारांपैकी अनेकांना गावात पुरेसे काम उरलेले नाही. मागणी आणि कौशल्य एकाच जिल्ह्यात असूनही त्यांची गाठ का पडत नाही, आणि ती पडायची असेल तर कोणत्या अटी पुऱ्या व्हाव्या लागतील, हा या आढाव्याचा प्रश्न आहे. भोर तालुक्यातील आंबवडे आणि शेजारचा वेल्हे परिसर समोर ठेवून त्याचा विचार केला आहे, कारण डोंगराळ पाऊसमान, झाडांची विपुलता, संस्थानी वास्तुवैभव आणि पुण्याच्या बाजारपेठेची जवळीक या चारही गोष्टी येथे एकत्र आढळतात. लाकडातील कारागिरी नुसत्या हस्तकौशल्यावर कधीच टिकली नाही; तिला नियमित काम, सुकलेले लाकूड आणि श्रमांचा मोबदला पुरवणारी व्यवस्था पाठीशी होती तोपर्यंतच ती टिकली. ती व्यवस्था आज कारागिरांनी एकत्र येऊन स्वतः उभारावी लागेल, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

आश्रयाचे तीन स्तर

आंबवडे हे मराठ्यांच्या इतिहासात ठळक स्थान असलेले गाव आहे. कान्होजी जेधे आणि जिवा महाला यांच्या समाध्या येथे आहेत, तसेच छत्रपती राजारामांच्या काळात सचिवपद भूषवणाऱ्या शंकराजी नारायण यांचीही समाधी येथेच आहे. शंकराजींच्या वंशजांकडे पुढे भोर संस्थान राहिले आणि ८ मार्च १९४८ रोजी ते भारतीय संघराज्यात विलीन झाले. भोरचा राजवाडा आणि जवळच्या कारी गावातील जेध्यांचा वाडा या वास्तूंवरून सह्याद्रीच्या या भागात लाकूडकामाला केवढे मोल होते याची कल्पना येते.

या भागातील सुताराला पूर्वी तीन प्रकारचा आश्रय होता. पहिला बलुत्याचा. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात वर्णिलेल्या व्यवस्थेनुसार सुतार हा गावाच्या प्रमुख बलुतेदारांपैकी एक होता. नांगर, कुळव, पाभर आणि बैलगाडी घडवण्याच्या व दुरुस्त करण्याच्या बदल्यात त्याला सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याचा ठरावीक वाटा मिळे. दुसरा आश्रय वाड्यांचा. सुरूच्या झाडासारखे निमुळते होत जाणारे खांब, केळफुलाचे घोस, कमानीच्या आकाराची महिरप आणि दारावर बसवायची गणेशपट्टी ही पेशवेकालीन व संस्थानी लाकूडकामाची ठळक लक्षणे होत. पुण्यात १८०७ साली बांधून झालेला विश्रामबाग वाडा आणि राजा दिनकर केळकर संग्रहालयातील कोरीव दरवाजे यांत ती आजही पाहता येतात. तिसरा आश्रय देवाधर्माचा : देव्हारे, पालख्या, चौरंग, मखरे आणि देवळांचे सभामंडप.

या तिन्ही आश्रयांत एक गोष्ट समान होती. लाकूड कोठून आणायचे, ते किती दिवस सुकू द्यायचे आणि काम पुरे होईपर्यंत कारागिराचे पोट कशावर भरायचे, याची जबाबदारी बहुतांशी काम सांगणाऱ्याची असे. लोखंडी नांगर आणि ट्रॅक्टर आल्यावर बलुत्याचा आधार ओसरला, संस्थाने विलीन झाल्यावर वाड्यांची कामे थांबली, आणि सिमेंटची घरे व तयार फर्निचर आल्यावर उरलेले कामही आटले. कौशल्य हातात राहिले, पण त्याला काम पुरवणारी रचना नाहीशी झाली.

भिंत, कागद आणि चौकट

मराठी घरात भिंतीवर चित्र टांगण्याची पद्धत सार्वत्रिक झाली ती छापखान्यांमुळे. पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने चित्रशाळा छापखाना सुरू झाला, आणि १८९४ साली मुंबईत राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना उभा राहिला, जो पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. देवदेवतांची आणि ऐतिहासिक पुरुषांची रंगीत छापील चित्रे स्वस्तात मिळू लागली तशी त्यांना काच आणि लाकडी पट्टी बसवून तसबीर करून देणारा स्वतंत्र व्यवसाय शहरोशहरी उदयाला आला. या तसबिरीत मोल छापील चित्राचे असे आणि लाकूड केवळ कडेला राही. लाकडी भिंतकलेत हे नाते बदलते, कारण तेथे चित्र आणि चौकट ही दोन्ही लाकडाची असून दोन्हींवर कारागिराचाच हात असतो.

महाराष्ट्रातील दोन उदाहरणे या दृष्टीने विशेष बोधप्रद आहेत. वारली चित्रकला मूळची घराच्या कुडाच्या भिंतीवरची. लग्नाच्या प्रसंगी तांदळाच्या पिठाने चौक लिहिण्याचे काम स्त्रिया करीत. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांमुळे ही चित्रे कागदावर आली. जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर पोचवली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कागदावर आल्यामुळे चित्र विकता येऊ लागले, पण त्याबरोबर त्याची नक्कलही सोपी झाली. पिशव्या, कप आणि पडदे यांवर यंत्राने छापलेली वारली नक्षी आज सर्वत्र दिसते आणि तिच्या विक्रीतला वाटा वारली कुटुंबांपर्यंत क्वचितच पोचतो. २०१४ साली या चित्रकलेला मिळालेले भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी निगडित उत्पादनाच्या नावाला कायद्याने दिलेले संरक्षण, हा त्यावरचा एक उपाय आहे. मात्र मूळ कलावंत त्याचा सक्रिय वापर करतात तेव्हाच तो उपयोगी पडतो.

दुसरे उदाहरण सावंतवाडीचे. तेथील चितार आळीत लाकडी फळे, भाज्या, खेळणी, पाट आणि देव्हारे यांची परंपरा आहे आणि खेळण्यांसाठी पांगाऱ्याचे हलके लाकूड वापरले जात असे. तेथील गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, विसाव्या शतकाच्या मध्यावर जवळजवळ लुप्त झाले होते. राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांनी उरलेल्या जाणत्या चिताऱ्यांकडून ती कला पुन्हा शिकवून घेतली आणि राजवाड्यातच कार्यशाळा चालवली. या पुनरुज्जीवनामागे कारागिरांचे कौशल्य होतेच. त्याला कायमची जागा, रोजचे काम आणि पाहुण्यांच्या रूपाने ग्राहक मिळाले, म्हणून ते सफल झाले. भोर-वेल्हे परिसराला येथून घेण्यासारखा धडा या व्यवस्थेचा आहे. नुसते सावंतवाडीचे नमुने उचलून काही साधणार नाही.

लाकडाची निवड आणि सुकवण

लाकडी भिंतकलेचे यश निम्म्याहून अधिक लाकडाच्या ओलाव्यावर ठरते. नुकत्याच कापलेल्या झाडाच्या पेशींत भरपूर पाणी असते. लाकडातील ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली उतरला की पेशींच्या भिंती आकसू लागतात आणि लाकूड आकुंचन पावते. हे आकुंचन सर्व दिशांना सारखे नसते. तंतूंच्या लांबीत ते नगण्य असते, गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेत मध्यम, आणि वर्षवलयांच्या कडेने जाणाऱ्या दिशेत त्याच्या सुमारे दुप्पट असते. फळी वाकणे, पिळणे आणि तडकणे यांचे मूळ या असमानतेत आहे.

घरात टांगायच्या वस्तूसाठी लाकडाचा ओलावा ८ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान असावा लागतो. उघड्या हवेत, सावलीत, फळ्यांच्या मध्ये पट्ट्या घालून थप्पी रचली तर एक इंच जाडीला साधारण एक वर्ष असा सुकवणीचा ढोबळ हिशेब धरला जातो. सह्याद्रीच्या कुशीतील गावांत जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा इतकी दमट असते की मे महिन्यात सुकलेली फळी ऑगस्टपर्यंत पुन्हा ओलावा शोषते. म्हणून येथे थप्पी जमिनीपासून उंच, वारा खेळेल अशा छपराखाली रचणे, फळीच्या दोन्ही टोकांना मेण किंवा रंग लावून तेथून होणारी जलद सुकवण रोखणे आणि काम सुरू करण्यापूर्वी ओलावामापक यंत्राने तपासणी करणे आवश्यक ठरते. एकट्या सुताराला वर्षभर लाकूड साठवून ठेवण्याइतके भांडवल गुंतवणे अवघड असते, आणि घाईने वापरलेले ओले लाकूड हेच हस्तकलेच्या नावाला लागणाऱ्या बट्ट्याचे एक मोठे कारण आहे.

लाकडांत साग सर्वांत स्थिर, तेलकट आणि टिकाऊ, पण महाग. शिसवीचे गडद लाकूड जडावकामाला, म्हणजे एका लाकडात दुसऱ्या रंगाचे लाकूड बसवण्याला, शोभते. परंतु शिसवीचा समावेश असलेला डालबर्जिया हा वृक्षगट २०१७ पासून ‘साइटीस’ या वन्यजीव व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या कक्षेत आला असल्याने परदेशी पाठवणीला कागदपत्रांची जोड द्यावी लागते. फणसाचे पिवळे लाकूड कालांतराने तपकिरी होते आणि शिवणीचे फिके, हलके लाकूड कोरायला सोपे जाते. फळ देईनासे झालेले आंब्याचे झाड हा सर्वांत सहज मिळणारा कच्चा माल, पण त्याच्या बाहेरच्या पांढऱ्या लाकडात भुसा पाडणारे बारीक भुंगेरे लवकर शिरतात. टाकणखार आणि बोरिक आम्ल यांच्या द्रावणात फळ्या बुडवून काढणे हा त्यावरचा स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे. खासगी मालकीच्या जमिनीवरील झाड असले तरी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, जांभूळ आणि ऐन यांचा समावेश असल्याने ते तोडण्यापूर्वी परवानगी लागते. मोडलेल्या वाड्यांचे जुने सागवान या दृष्टीने मोलाचे आहे, कारण ते आधीच पूर्ण सुकलेले असते आणि त्यासाठी नवे झाड पाडावे लागत नाही.

चौकटीचे शास्त्र

चौकट ही सजावट मानली जाते, पण लाकडी फळीच्या बाबतीत ती प्रथम फळीला हलण्याची मुभा देणारी रचना असते. ३० सेंटिमीटर रुंदीची फळी पावसाळा आणि उन्हाळा यांच्या दरम्यान तीन-चार मिलिमीटर फुगू व आकसू शकते. अशी फळी चौकटीत चारही बाजूंनी गोंदाने चिकटवली तर उन्हाळ्यात तिला तडा जातो किंवा पावसाळ्यात चौकटीचे कोपरे उघडतात. म्हणून चौकटीच्या आतल्या कडेला खाच पाडून तीत फळी सैल ठेवायची आणि केवळ मध्यभागी पक्की करायची, अशी रीत आहे. जुन्या वाड्यांच्या तावदानी दारांत हेच तत्त्व वापरलेले दिसते.

कोपऱ्याच्या सांध्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात दोन्ही पट्ट्या ४५ अंशांत कापून जोडतात. हा सांधा दिसायला सुबक असला तरी तंतूंची टोके समोरासमोर येत असल्याने गोंदाची पकड कमी राहते. म्हणून कोपऱ्यात आडवी पातळ पट्टी घालून तो बळकट करावा लागतो. दुसऱ्यात एका पट्टीला चौकोनी भोक आणि दुसरीला त्यात बसणारे कुसू करतात. याला वेळ अधिक लागतो, पण तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. गुण्या, म्हणजे काटकोन तपासण्याचे साधन, प्रत्येक कोपऱ्याला लावून पाहणे आणि दोन्ही कर्णांची लांबी सारखी आहे की नाही हे मोजणे या दोन साध्या तपासण्यांनी चौकटीतील बहुतेक दोष वेळीच सापडतात.

पृष्ठभागावर लाखेचे पॉलिश, म्हणजे चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने दिलेले पातळ थर, चांगली झळाळी देते, पण पाणी आणि उष्णता यांना ते दबते. जवसाचे तेल आणि मेण यांचा थर अधिक साधा दिसतो आणि दुरुस्तीला सोपा असतो. कोणतेही पॉलिश समोरच्या आणि मागच्या अशा दोन्ही अंगांना सारखेच द्यावे लागते, अन्यथा एकाच बाजूने ओलावा शोषून फळी पन्हळीसारखी वाकते. ओल धरणाऱ्या भिंतीपासून चौकट काही मिलिमीटर दूर राहावी यासाठी मागे बुचाचे किंवा रबराचे तुकडे लावणे ही घाटमाथ्याच्या हवेत बुरशी टाळण्याची सर्वांत स्वस्त तजवीज आहे.

हस्तनिर्मित कशाला म्हणावे

आज भिंतीवर दिसणारी बरीचशी ‘लाकडी कला’ ही लाकडाचे तंतू दाबून केलेल्या एमडीएफ फळ्यांवर लेसर यंत्राने कापलेली असते. ती स्वस्त आणि एकसारखी असते, आणि तिच्याशी किमतीत स्पर्धा करणे हाताने काम करणाऱ्याला अशक्य आहे. १९९० च्या दशकात लाकडी फर्निचरच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हस्तकलेच्या दोन कसोट्या मांडल्या : वस्तू प्रामुख्याने हाताने केलेली असावी, आणि तिच्यावरील कलाकुसर नाममात्र नसून डोळ्यांत भरण्याजोगी असावी. यंत्राचा वापर झाला म्हणून वस्तू हस्तकलेच्या बाहेर जात नाही, हे या कसोट्यांवरून स्पष्ट होते. विजेच्या करवतीने फळी कापून पटाशीने नक्षी कोरणारा सुतार कारागीरच राहतो. ग्राहकाला नेमके काय हाताने आणि काय यंत्राने केले हे प्रामाणिकपणे सांगणे एवढेच त्याच्याकडून अपेक्षित आहे. ती प्रामाणिकता पाळली तरच हाताच्या कामाला जास्त दर मागण्याचा नैतिक आधार उरतो.

किमतीचा हिशेब

ग्रामीण कारागीर बहुधा कच्च्या मालाच्या दुप्पट अशी किंमत लावतात आणि तेथेच त्यांचे नुकसान सुरू होते. हे एका काल्पनिक उदाहरणाने दाखवता येईल. समजा, एका कोरीव फळीला आणि तिच्या चौकटीला २५० रुपयांचे लाकूड, ९० रुपयांचे पॉलिश, गोंद व हुक, १५० रुपयांचे वेष्टन आणि १० तासांचे काम लागते. तासाला ८० रुपये धरले तर श्रम ८०० रुपयांचे होतात आणि हत्यारांची झीज व वीज यांचे ७० रुपये मिळवल्यास एकूण खर्च १,३६० रुपये येतो. दुकानदार ३० टक्के वाटा घेणार असेल तर विक्रीची किंमत किमान १,९४० रुपयांच्या आसपास असायला हवी. याउलट केवळ मालाच्या दुप्पट, म्हणजे ९८० रुपये किंमत ठेवली तर दुकानदाराचा वाटा वजा जाता ६८६ रुपये हाती येतात. त्यातून माल आणि झीज वजा केल्यावर १० तासांच्या कामाचे अवघे १२६ रुपये उरतात. एवढ्या मोबदल्यात कोणतीही कला पुढच्या पिढीला आकर्षित करू शकत नाही. मुलगा सुतारकाम सोडून शहरात गेला याची हळहळ व्यक्त करताना हा हिशेब लक्षात घेतला जात नाही.

विक्रीचे मार्ग

थेट विक्रीत दुकानदाराचा वाटा वाचतो, पण ग्राहकापर्यंत जाण्याचा खर्च वाढतो. पुण्यातील भीमथडी जत्रा आणि मुंबईतील महालक्ष्मी सरस यांसारखी प्रदर्शने यासाठी उपयुक्त आहेत. सरस प्रदर्शनात राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाशी, म्हणजे २०११ पासून चालणाऱ्या ‘उमेद’शी, जोडलेल्या बचतगटांना स्थान मिळते. अशा ठिकाणी झालेल्या विक्रीइतकेच तेथे नोंदवलेले नमुने आणि पुढच्या मागण्या महत्त्वाच्या असतात. भोर आणि वेल्हे भागाला गडकिल्ले, रायरेश्वर, आंबवड्याचे नागेश्वर मंदिर आणि तेथील संस्थानकालीन झुलता पूल यांमुळे पर्यटक लाभतात. त्यांना सहज नेता येतील अशा लहान आकाराच्या, सपाट बांधणीच्या कृती हे येथील पहिले उत्पादन ठरू शकते. विषयांचीही उणीव नाही : सुरूच्या खांबाचा आणि केळफुलाचा नमुना, गडांच्या बाह्यरेषा, पाभर व कुळवाची रूपे या गोष्टी या भूमीच्या आहेत आणि त्या दुसऱ्या कोणत्याही बाजारातून आणाव्या लागत नाहीत.

ऑनलाइन विक्रीत वस्तू फुटू नये याची हमी हीच विश्वासाची पहिली अट आहे. त्यामुळे काचेऐवजी ॲक्रिलिक वापरणे, कोपऱ्यांना जाड पुठ्ठ्याचे कवच देणे आणि पेटीत वस्तू हलणार नाही अशी भरणी करणे आवश्यक ठरते. परदेशातील मराठी कुटुंबांकडून गणपती आणि दिवाळीच्या सुमारास मागणी येऊ शकते, पण तेथील तापवलेल्या घरांत हिवाळ्यात हवा अतिशय कोरडी होत असल्याने अशा पाठवणीसाठी लाकूड अधिक सुकवलेले असावे लागते. वेष्टनासाठी कच्च्या लाकडाची पेटी वापरायची झाल्यास ती आयएसपीएम-१५ या आंतरराष्ट्रीय नियमानुसार, गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमानात ३० मिनिटे तापवून शिक्का मारलेली हवी. पुठ्ठ्याच्या पेटीला हा नियम लागू नाही.

शासकीय पातळीवर १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत समाविष्ट १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये भत्ता, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाख व दुसऱ्या टप्प्यात २ लाख रुपयांचे विनातारण कर्ज अशी तिची रचना आहे. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तालयाचे कारागीर ओळखपत्र प्रदर्शनांत सहभागासाठी उपयोगी पडते. २२ सप्टेंबर २०२५ पासून चित्रांच्या हस्तनिर्मित लाकडी चौकटींवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हाही एक दिलासा आहे. मात्र या सर्व योजना व्यक्तीला हत्यारे आणि कर्ज देतात. सुकलेल्या लाकडाचा साठा, सामाईक नमुने आणि ग्राहकांची यादी त्या उभ्या करून देत नाहीत.

निष्कर्ष

या आढाव्यातून निघणारा निष्कर्ष असा की, आंबवड्यासारख्या गावात लाकडी भिंतकला हा पूरक आणि काहींच्या बाबतीत मुख्य व्यवसाय होऊ शकतो, परंतु एकेका सुताराच्या बळावर तो उभा राहणार नाही. पाच-दहा कारागिरांनी मिळून लाकडाचे सामाईक कोठार उभारावे, त्यात वर्षभर सुकवलेल्या आणि ओलावा मोजलेल्या फळ्याच वापराव्यात, श्रमांच्या तासांची वही ठेवून त्यावरून किंमत ठरवावी, प्रत्येक कृतीच्या मागे कारागिराचे नाव, लाकडाची जात आणि वर्ष लिहावे, आणि विक्रीचा काही भाग पुढच्या हंगामाच्या लाकडासाठी बाजूला ठेवावा. पूर्वी वाड्याचा धनी, देवस्थान आणि गाव यांनी जी जबाबदारी पेलली तीच येथे सहकाराच्या रूपाने कारागिरांच्या हाती येते. सहकाराची दीर्घ परंपरा असलेल्या या राज्यात दूध आणि ऊस यांच्यासाठी जे शक्य झाले ते लाकडासाठी अशक्य मानण्याचे कारण नाही. लाकूड सुकायला एक वर्ष लागत असल्याने या कामाचा आरंभ विक्रीच्या योजनेने न करता छपराखाली रचलेल्या पहिल्या थप्पीने करावा लागेल, आणि पहिल्या वर्षाच्या या वाट पाहण्यासाठी लागणारे भांडवल मिळवणे हे ग्रामपंचायत, बचतगट आणि स्थानिक पतसंस्था यांच्यापुढचे पहिले काम आहे.